गाडी आहे, मैदान कुठे? : हौशी ऑटोक्रॉसचा आढावा

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की भातसा नदीच्या पुलाशी सापगाव लागतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पट्ट्यातले रस्ते बदलले, तशा दारापुढच्या गाड्याही बदलल्या. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. पूर्वी जिथे जीप आणि टेम्पो उभे असायचे तिथे आता थार, स्कॉर्पिओ, टर्बो पेट्रोलच्या हॅचबॅक दिसतात. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाणाऱ्या गर्दीत एखादी मस्टँगही घुमत जाते. गाडीत ताकद असली की ती कुठेतरी अजमावून पाहावीशी वाटणारच. पण त्यासाठी माळशेजची वळणं किंवा समृद्धीची मोकळी मार्गिका वापरू नये, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. मग कुठे? जगभर या प्रश्नाला जी काही उत्तरं दिली गेली, त्यांतलं सगळ्यांत स्वस्त उत्तर ऑटोक्रॉस हे आहे. रोजच्या वापरातली ताकदवान गाडी घेऊन या खेळात उतरावं का, उतरायचं तर कशी सुरुवात करावी, याविषयीची मतं आणि अडचणी इथे एकत्र मांडतो आहे.

एका नावाचे दोन खेळ

नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या मोठ्या मोकळ्या जागेवर रबरी शंकू मांडून आखलेली वाट. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची स्पर्धा घड्याळाशी असते. फेरी साधारण मिनिटभराची, बहुतेक सगळी दुसऱ्या गिअरमध्ये, आणि वेग क्वचितच ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. शंकू पाडला तर वेळेत दोन सेकंद वाढतात, वाट चुकली तर फेरीच बाद. १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने हा खेळ ‘सोलो’ या नावाने बांधून काढला आणि १९७३ पासून त्याची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. सकाळी मुलांना शाळेत सोडणारी गाडी दुपारी मैदानात उतरवायची, हाच त्यांच्याकडचा रिवाज. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या इंजिनिअर मुलांना या खेळाची गोडी लागते ती त्यामुळेच. गाडी आणि हेल्मेट असलं की झालं.

युरोपातल्या परंपरेत ऑटोक्रॉस मातीवर, गवतावर, नैसर्गिक जमिनीवर होतो. आपल्याकडे हीच रीत रुजली. भारतात या खेळांचं नियमन करणारी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, १९७१ मध्ये स्थापन झाली. तिच्या छताखाली क्लब जे ऑटोक्रॉस भरवतात ते बहुतांशी कच्च्या ट्रॅकवरच असतात. कधी एकटी गाडी सुटते, कधी दोन गाड्या ट्रॅकच्या वेगवेगळ्या टोकांवरून एकदम सोडतात. अलीकडे या प्रकाराची राष्ट्रीय मालिकाही होऊ लागली आहे. म्हणजे यूट्यूबवर अमेरिकन मैदान पाहून तयार झालेला मुलगा इथे येतो, तेव्हा त्याच्यासमोर असतात धूळ, चाकोऱ्या आणि उडणारे दगड. गाडी कोणती असावी या वादाची अर्धी उत्तरं या फरकात दडलेली आहेत. तरीही वाद घालणारे आपण कोणत्या जमिनीबद्दल बोलतो आहोत हे क्वचितच आधी सांगतात.

महाराष्ट्रात आजवर

महाराष्ट्राला मोटारखेळाची परंपरा नाही असं म्हणता येत नाही. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन मुंबईत १९१९ पासून आहे. देशातल्या शर्यतींचा पहिला काळ विमानतळांच्या धावपट्ट्यांवर गेला. मद्रासजवळच्या शोलावरमचं नाव सगळ्यांत मोठं, पण जुहूच्या धावपट्टीवरही गाड्या पळाल्या. १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली उभी केली आणि परदेशी चालक भारतात आणले. पुढे नाशिकच्या रॅली ऑफ महाराष्ट्रला राष्ट्रीय मालिकेत जागा मिळाली. कोल्हापुरात मोहिते कुटुंबाच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती भरल्या. तिथे महागड्या आणि ताकदवान गाड्यांची गर्दी झाली, कारण त्या खेळात ताकदीला थेट मोल आहे.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. सगळ्यांत जवळचं ठिकाण कसारा घाट चढून गेल्यावर येतं. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड चालवण्याचं प्रशिक्षण देणारी अकादमी सुरू केली. तिथे चिखल, चढ आणि खड्डे कसे पार करायचे हे शिकवतात. ते वेगाचं शिक्षण नव्हे, पण चाकाखालची जमीन ओळखायचं शिक्षण मात्र आहेच.

आमच्याकडे शर्यत म्हटलं की आजही बैलगाडाच आठवतो. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे, आणि बैलाची चाल, दम, वळण यावर तिथे चालणारी चर्चा कुठल्याही गॅरेजमधल्या चर्चेइतकीच बारकाईची असते. या उल्लेखाचं कारण पुढे मैदानाच्या प्रश्नात येईल.

दांडगी गाडी की हलकी गाडी

सर्वाधिक वाद इथे आहे, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

पहिली बाजू म्हणते, जी गाडी आहे तीच घेऊन या. ऑटोक्रॉसमध्ये पहिल्या वर्षी वेळ कमी होतो तो चालकाच्या सुधारणेमुळे, गाडीमुळे नव्हे. वाट डोळ्यांनी आधी वाचणं, ब्रेक सरळ रेषेत संपवणं, स्टिअरिंग एकदाच आणि पुरेसं फिरवणं, पुढच्या शंकूकडे न पाहता त्याच्याही पुढच्या शंकूकडे पाहणं, हे सगळं कुठल्याही गाडीत शिकता येतं. अमेरिकेत मस्टँग-कॅमॅरोवाल्यांची इतकी वर्दळ आहे की त्यांच्यासाठी वेगळे वर्ग आहेत. रस्त्यावरच्या मूळ रूपातल्या अशा गाड्या वर्षानुवर्षं एका वर्गात धावत आल्या, आणि साधारण दशकभरापूर्वी खास अमेरिकन मसल कारसाठी आणखी मोकळ्या नियमांचे वर्ग निघाले. तगडी गाडी खेळाबाहेरची मानली जात नाही. शिवाय मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी एक गोष्ट फार लवकर शिकवते. वळणाच्या मध्ये पाय घाईने दाबला की शेपूट सुटते. उजव्या पायाला शिस्त लावणारा दुसरा इतका कडक मास्तर नाही.

दुसरी बाजू म्हणते, ताकद चुका झाकते. वळणात दोन सेकंद गमावले तरी पुढच्या सरळ तुकड्यात इंजिन ते भरून काढल्यासारखं वाटतं, आणि चालक चूक ओळखतच नाही. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत वेग एकदा सांडला की परत मिळत नाही, म्हणून तो राखायची सवय लागते. यात वजनाचा हिशेबही येतो. २०१६ मध्ये भारतात आलेली मस्टँग जीटी पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, सुमारे चारशे अश्वशक्तीची, दिल्लीत ६५ लाखांच्या एक्स-शोरूम किमतीची आणि वजनाने पावणेदोन टनांच्या आसपासची. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट ९०० किलोच्या आत. मस्टँगची रुंदी १९१६ मिलिमीटर, स्विफ्टची १७३५. शंकूंच्या नागमोडी रांगेत ही अठरा सेंटीमीटरची तफावत प्रत्येक शंकूपाशी मोजावी लागते, कारण रुंद गाडीला दर वेळी जास्त बाजूला सरकावं लागतं. जड गाडी थांबवताना ब्रेक तापतात आणि टायरच्या कडा झिजतात. त्या मापाचे टायर आपल्याकडे स्वस्तही नाहीत आणि कुठल्याही दुकानात मिळतही नाहीत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून सुट्या भागांची काळजी वेगळीच.

माझं मत विचाराल तर डांबरी मैदानावर पहिली बाजू बरोबर आहे आणि मातीवर दुसरी. चाकोऱ्या पडलेल्या ट्रॅकवर मस्टँगचं पोट घासणारच. आपल्या गावातल्या गतिरोधकावर जी गाडी तिरकी करून काढावी लागते, तिला तिथे नेण्यात अर्थ नाही. भारतातल्या रॅली आणि कच्च्या ट्रॅकवर जिप्सी, एस्टीम, होंडा सिटी, पोलो, स्विफ्ट याच गाड्या वर्षानुवर्षं दिसत आल्या, त्यामागे हेच कारण आहे. त्या हलक्या आहेत आणि तुटलं तर जवळच्या मेकॅनिककडे उभ्या करता येतात.

पण शहापूर-मुरबाडमध्ये ‘दांडगी गाडी’ म्हणून जी ओळखली जाते ती मस्टँग नव्हेच, ती थार आणि स्कॉर्पिओ. या गाड्यांबाबत वाद जवळजवळ संपलेला आहे, फक्त तो मालकांपर्यंत पोचलेला नाही. उंच आणि त्या मानाने अरुंद गाडी शंकूंमधून झपाट्याने डावी-उजवी फिरवली की वजन एका बाजूला कलतं, आतली चाकं हलकी होतात आणि उलटण्याचा धोका तयार होतो. अमेरिकन नियमांत अशा उंच गाड्यांना सोलोच्या मैदानात मज्जाव आहे, तो याचसाठी. थारचा मान चिखलात आणि चढावर. तिच्या मालकाने शंकूंचा नाद सोडून इगतपुरीकडे जावं, हा सल्ला कुणाला कमीपणाचा वाटू नये.

तिसरी एक बाजू कमी ऐकू येते. ती म्हणते, गाडी घेऊन येऊच नका, आधी कार्टिंग करा. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे चाकाची प्रत्येक पकड आणि घसरण थेट पाठीला कळते. भाड्याच्या कार्टमध्ये नुकसान झालं तर हप्ता थकत नाही. शहरी मुलांना हे सोयीचं. सापगावातून मात्र कार्टिंगला जायचं तर मुंबई-पुण्याच्या वाटेला लागावं लागतं, आणि तिथल्या दहा मिनिटांचे दर ऐकून बरेच जण परत फिरतात.

गाडीत काय बदलावं

इथे मतभेद दिसतो त्यापेक्षा कमी आहे. गॅरेजवाले सायलेन्सर, एअर फिल्टर, इंजिनच्या संगणकाचं नवं मॅपिंग यांपासून सुरुवात करतात, कारण धंदा तिथे आहे. स्पर्धा भरवणारे नेमकी उलटी यादी देतात. चाकं आणि नट तपासा, अलाइनमेंट करून घ्या, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल नवं घाला, बॅटरी घट्ट बांधा, डिकीतलं आणि सीटखालचं सगळं सामान काढा, टायरमधली हवा मोजून ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा मोजा. गाडी तपासणीला उभी राहिल्यावर पाहतात ते हेच. रॅली आणि वेगाच्या वरच्या वर्गांत रोल केज, हार्नेस, अग्निरोधक कपडे येतात. नवख्याला तिथवर जायला वेळ आहे.

खरा मतभेद टायरपाशी आहे. एक गट म्हणतो, पहिला पैसा टायरवरच घाला, कारण जमिनीशी गाडीचा संबंध तेवढाच. दुसरा गट म्हणतो, पहिला हंगाम जुन्या टायरवरच काढा. कमी पकडीचा टायर किंचाळून आधी सूचना देतो, उत्तम टायर शेवटपर्यंत गप्प राहतो आणि मग एकदम सोडतो. अमेरिकन रस्ता-वर्गात टायरच्या झिजेचा अंक किमान २०० असावा, अशी अट आहे. तिचा हेतू असा की घरून चालवत आणलेल्या टायरवरच स्पर्धा व्हावी. आपल्याकडच्या क्लबांनी मूळ रूपातल्या गाड्यांसाठी असा साधा, तपासायला सोपा निकष ठेवला तर नव्यांचं भलं होईल.

बदलांना कायद्याचीही चौकट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा ठळक केला. म्हणजे मैदानासाठी बदललेली गाडी घरी परतताना रस्त्यावर आली की आरटीओच्या नजरेत दोषी ठरू शकते. मोठे क्लब अशा गाड्या ट्रेलरवर आणतात. रोजच्या गाडीवाल्याला ते परवडणारं नाही, म्हणून त्याने बदल न करणंच बरं.

कायदा आणि विमा

याच कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मग खासगी जमिनीवर काय? कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे ती जागा. काही आयोजक यावरून असं मानतात की कुंपण घातलं की प्रश्न मिटला. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकात एका विम्याच्या प्रकरणात या शब्दांचा अर्थ बराच रुंद लावला होता. लोकांना हक्काने असो वा परवानगीने, जिथे येता येतं ती जागा सार्वजनिक. तो अर्थ शर्यतीच्या कलमाला तसाच लागू करायचा का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. प्रेक्षक बोलावून, तिकीट लावून भरवलेल्या स्पर्धेला मात्र परवानगी घेणंच शहाणपणाचं.

विम्याबाबत संदिग्धता कमी, आणि म्हणूनच तिकडे दुर्लक्ष जास्त. खासगी मोटारीच्या भारतीय पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी, विश्वासार्हतेची चाचणी हे वापर त्यातून वगळलेले आहेत. स्वतःच्या गाडीचं नुकसान तर सोडाच, संघटित शर्यतीसाठी वापर झाला हा मुद्दा तृतीय पक्षाच्या दाव्यातही विमा कंपनीला बचाव म्हणून घेता येतो. शंकूंमधून एकेकट्या गाडीने काढलेली फेरी ही ‘शर्यत’ आहे का? खेळाडू म्हणतात नाही, कारण समोर दुसरी गाडीच नाही. विमा कंपनी म्हणेल की घड्याळ लावलंय, म्हणजे वेगाची चाचणी झाली. मला कंपनीची बाजू जास्त भक्कम वाटते. एफएमएससीआयच्या परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि अधिकृत स्पर्धेत आयोजकाचा वेगळा विमा असतो. पण तुमच्या गाडीचा पुढचा बंपर तुमच्याच खिशातून भरायचा, हे गृहीत धरूनच मैदानात उतरावं.

मैदान

एवढं सगळं जमलं तरी जागा लागते. शहापूर तालुका नकाशावर मोकळा दिसतो, प्रत्यक्षात तसा नाही. बरीच जमीन वनखात्याची, तानसा अभयारण्याच्या हद्दीतली किंवा धरणांच्या पाणलोटातली. उरलेल्यातली बरीच आदिवासी खातेदारांची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार ती बिगर-आदिवासींकडे जाण्यावर, भाडेपट्ट्यानेसुद्धा, कडक बंधनं आहेत, आणि ती असायलाच हवीत. भातखाचरं डिसेंबरनंतर मोकळी होतात, पण त्यांना बांध आहेत. गाड्यांसाठी बांध मोडला तर पुढच्या पावसात पाणी कुठे अडायचं, हे आयोजक सांगणार नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतले मोकळे भूखंड, बंद पडलेल्या कारखान्यांची काँक्रीटची आवारं यांकडे काही जण बोट दाखवतात. शंकूंच्या डांबरी प्रकाराला अशीच जागा लागते. परवानगी औद्योगिक महामंडळाची, पोलिसांची, की जिल्हाधिकाऱ्यांची, याचा ठरलेला मार्ग मात्र नाही.

इथे बैलगाड्याचा अनुभव उपयोगी पडतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता शर्यत भरवायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, अटी पाळायच्या, हे गावोगावच्या आयोजकांना पाठ आहे. मोटारखेळाला असा जिल्हा पातळीवरचा सोपा, ठरलेला अर्ज असावा, असं एक मत आहे. दुसरं मत असं की परवानगी सोपी झाली तर संघटनेची तपासणी, मार्शल, रुग्णवाहिका यांना बगल देऊन कुणीही ‘ऑटोक्रॉस’ भरवेल. ही भीती पोकळ नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद मार्गावर एक मोटारसायकल आली आणि धडकेत तिच्यावरचे तिघे गेले. तिथे तर संघटनेचे सगळे नियम लागू होते. गावातला रस्ता बंद आहे हे गावाला सांगितलं, म्हणजे ते गावाला कळलं असं होत नाही.

एक मुद्दा मात्र या चर्चेत फारसा निघत नाही, तो पाण्याचा. कच्चा ट्रॅक खेळण्याजोगा राहतो तो कोरड्या महिन्यांत, म्हणजे साधारण जानेवारी ते मे. पावसाळ्यात इथे ट्रॅक उरतच नाही. आणि कोरड्या मातीवर गाड्या पळाल्या की धूळ एवढी उठते की मागच्याला शंकू दिसत नाही, म्हणून दर काही फेऱ्यांनी टँकरने पाणी मारावं लागतं. ज्या शहापूर तालुक्यातून भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत ट्रॅकवर टँकर रिकामा करणाऱ्या आयोजकाला ग्रामपंचायत काय म्हणेल हे सांगायला नको. डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेला पाणी लागत नाही, आणि ताकदवान रस्त्यावरच्या गाडीलाही तीच जागा मानवते. अशा जागा औद्योगिक वसाहतींत आहेत आणि त्यांना कुलपं आहेत. ती कुलपं वर्षातून चार रविवार उघडायला कोणतं कार्यालय सही करील, याचं उत्तर ना क्लबांकडे आहे ना नियमपुस्तकात.